हाक न मारणाऱ्या गावातला नाताळ

उठून जाणं म्हणजे जाणं नसतं, हे आमच्या मूल गावच्या बाजारात कुणाला शिकवावं लागत नाही. गिऱ्हाईक उठतं, चपला घालतं, दोन दुकानं ओलांडतं आणि तिसऱ्या दुकानाशी उगाच वांगी चाचपत उभं राहतं. मागून हाक येते, "ओ भाऊ, या ना इकडं. काऊन रागावून राह्यले?" ही हाक येणार हे दोघांनाही ठाऊक असतं. खरा सौदा त्या हाकेनंतर सुरू होतो. माझ्या दुकानाचा गाळा, कामाचं टेबल, पहिली मोटरसायकल, सगळं मी असंच उठून मिळवलं. लग्नाच्या बोलणीतूनही मी एकदा उठलो होतो आणि हाक मारायला सासरे स्वतः बाहेर आले होते, असं बायको अजून चारचौघांत सांगते.

दोन वर्षांमागं डिसेंबरात, जर्मनीच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात, मी तसाच उठलो. हाक आली नाही. त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

मी धुमालवाल्यांचा माणूस. मी वाजवत नाही, दुरुस्त करतो. आमच्याकडं मिरवणुकीला धुमाल लागतं: गाडीवर ढोल, ताशे, काठीनं वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड, कीबोर्ड, मोठाले भोंगे आणि मागं धूर सोडणारा जनरेटर. जयंती आली, गणपती बसले, नवरदेव निघाला, की चंद्रपूर-गडचिरोलीतले बरेच ताफे आपली मुकी झालेली यंत्रं घेऊन माझ्या दारात उभे राहतात. माझा बाप राइस मिलमध्ये पोती वाहायचा. मी मिलच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकलो आणि पुढचं सगळं यंत्रं उघडून बघत शिकलो. इंग्रजी शिकलो ते चिपसोबत येणाऱ्या माहितीच्या कागदांतून. त्यामुळं कशाची कमाल मर्यादा किती आणि काय अजिबात करू नये, हे मी इंग्रजीत फाडफाड सांगू शकतो. विनंती कशी करायची, ते त्या कागदांत नव्हतं.

पुढं मी स्वतःचा एक डबा बनवला. ठेका वाजवणारी यंत्रं बाजारात पुष्कळ आहेत, पण धुमालची पोरं कुरकुरत. "भाऊ, हे मशीन लई शिस्तीत वाजवते. नाचता नाई येत याच्यावर." त्यांचं खरं होतं. माणूस ठोका देतो तेव्हा तो किंचित मागं रेंगाळतो, आणि दर वेळी सारखा रेंगाळत नाही. पतंगाचा मांजा सोडतात तसं काहीतरी ते हातानं करतात. त्याला ते म्हणतात ढील. मी एक गोल बटण बसवलं, फिरवलं की ठोका सैल होत जातो, आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं, ढील. आणखी एक गोष्ट केली. जनरेटरच्या विजेचा दाब खाली आला की बाकीची यंत्रं बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. माझा डबा गप वाजत राहतो. मिलच्या मोटारींजवळ वाढलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं.

गोंडपिपरीच्या एका मिरवणुकीचा व्हिडिओ कुणीतरी टाकला, त्यात माझा डबा दिसला, आणि जर्मनीतून एका माणसाचा निरोप आला. मला वाटलं, आता हा ओटीपी मागेल. त्यानं विचारलं, ढील म्हणजे काय.

तोही डबेच बनवायचा. तिकडं अशी बरीच माणसं आहेत, मोठ्या कंपन्यांच्या बाहेरची, गॅरेजमध्ये नाहीतर तळघरात एकट्यादुकट्यानं इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवणारी. वर्षाला थोडीच बनवतात, आणि घेणारे महिनोन्महिने वाट बघतात. या माणसाचं त्यांच्यात नाव होतं. त्यानं काही बनवलं म्हटलं की लोक आधीच रांग लावत. तो म्हणाला, ये, आपण मिळून तुझ्या डब्याची नवी आवृत्ती करू. तिकीट त्यानं काढलं. मी गेलो, तेही ऐन हंगामात. धान घरात आलं की आमच्याकडं नाटकांचे मांडव पडतात, ऑर्गनवाले आणि माइकवाले दारात बसून असतात. ते सगळं सोडून गेलो, कारण माझ्या डोक्यात एक गोष्ट होती.

माझ्याकडं दोन बाया डाग द्यायचं काम करतात, एक माझी वहिनी आणि एक गल्लीतली. दोघींचा हात माझ्यापेक्षा साफ आहे. पण पावसाळ्यात मिरवणुका नसतात, टेबलावर मेणकापड पडतं आणि दोघी लोकांच्या शेतात धानाच्या रोवणीला जातात, दिवसभर कमरेतून वाकून. हा डबा परदेशात विकला गेला आणि मूलमध्येच बनला, तर टेबल बारमाही चालेल. डब्यावर नाव त्याचं आणि काम माझ्या घरी, हा माझा सौदा. मी तो कुणाला बोलून दाखवला नव्हता, वहिनीलाही नाही. हातात येण्याआधी बोललेला सौदा हातात येत नाही.

त्याची कार्यशाळा जुन्या डेअरीच्या इमारतीत होती आणि वरच्या खोलीत मी राहायचो. तो माझ्याच वयाचा, उंच, हळू बोलणारा. कामाला वाघ. पहिले दिवस बरे गेले. त्यानं मला वाद्यं बनवणाऱ्यांच्या एका मेळ्यालाही नेलं. एका मोठ्या दालनात टेबलं मांडलेली, टेबलांवर लुकलुकते डबे, रंगीबेरंगी तारा, आणि लोक कानाला हेडफोन लावून डोलताहेत. संगीताच्या एवढ्या मोठ्या मेळ्यात बटणांच्या खटखटीशिवाय आवाज नव्हता. माझ्या डब्याशी एक बाई उभी राहिली. तिनं ढील फिरवली आणि तिचा खांदा हलला. मी तो खांदा बघितला आणि मनात म्हटलं, बसला सौदा.

मग बोलणी सुरू झाली. तो म्हणाला, "तू सर्किटचा नकाशा दे. बोर्ड इथं जवळच बनतात, जोडणी मी करीन. प्रत्येक डब्यामागं तुझा वाटा. बरोबर आहे का?"

आता, समोरच्यानं पहिलं बोलणं काढलं की लगेच आपल्या मनातलं सांगणारा माणूस आमच्याकडं वेडा समजतात. आधी मालाला नावं ठेवायची असतात. मी म्हटलं, पॅनेलचा करडा रंग मेल्यासारखा आहे. दुसऱ्या सकाळी टेबलावर पिवळं पॅनेल. मी म्हटलं, बटण सैल आहे. त्यानं बटण बदललं. मी म्हटलं, पेटी हलकी वाटते, माणसाला हातात वजन लागतं. त्यानं खाली लोखंडी पट्टी बसवली आणि विचारलं, "आता?" मी घासाघीस करत होतो आणि हा माणूस त्याला दुरुस्तीची यादी समजून एकेक काम उरकत होता. नावं ठेवायला काही उरेना. माझं डोकं तापत चाललं. तो एकदा तरी म्हणेल, की अरे बाबा, तुला नेमकं हवं तरी काय, मग मी आढेवेढे घेत मूलचं नाव काढीन, असा माझा हिशोब होता. तो म्हणेच ना.

नाताळ दोन दिवसांवर आलेला, दुपारची वेळ. बाहेर दिवस मावळून चाललेला, जेवण अजून पोटात. त्यानं पुन्हा तेच विचारलं, "मग, करायचं का असं?"

मी म्हटलं, "नाही जमत. राहू दे." आणि उठलो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. "नक्की?"

"नक्की."

"ठीक आहे," तो म्हणाला. "वाईट वाटलं. पण मी समजतो."

मी जाकीट घातलं, सावकाश. जिन्याशी थांबून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी तोंडावर बेफिकिरी आणून वळलो, तर तो टेबलावरचा दिवा बंद करत होता. मला बघून म्हणाला, "परवा दुपारी आईकडं जेवायला तुला बोलावलंय, विसरू नकोस. कामाचं मात्र आता सणानंतरच. सणात आम्ही कामाचं बोलत नाही." आणि माझ्या आधी तोच बाहेर पडून सायकलवर गेला.

मी खोलीत गेलो आणि फेऱ्या मारू लागलो. खिडकीपासून पलंगापर्यंत, पलंगापासून खिडकीपर्यंत. आता येईल, घरी जाऊन विचार करील आणि फोन करील. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सगळं गाव बंद झालं. आमच्याकडं बंद म्हटलं तरी मागच्या दारानं चहा मिळतो. इथं खरंच बंद. बेकरीच्या काचेत रिकाम्या टोपल्या. रस्त्यात माणूस नाही, प्रत्येक खिडकीत एक दिवा. आमचा सण म्हणजे जयंती; त्या दिवशी घरात माणूस सापडत नाही, सगळी वस्ती रस्त्यावर, गाडीवर धुमाल, छातीत ठोका. यांचा सण आला की सगळे आत जातात आणि दार लावून घेतात. चर्चच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या, आणि त्यांतही ढील नव्हती. मी बायकोनं दिलेला चिवडा आणि जवसाची चटणी काढली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. बसवेना.

बायकोला फोन लावला. तिच्या मागं कुकरची शिट्टी, टीव्ही, वहिनीचं बोलणं, सगळं ऐकू येत होतं.

"झाला का सौदा?" तिनं विचारलं.

"उठून आलो."

"मंग?"

"मग काय. अजून हाक नाही आली."

तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "तुमी तिथी का शुक्रवारचा बजार करून राह्यले का? त्याले कोनी सांगतलं का, का हा मानूस उठून जाते म्हनजे जात नाई?"

"एवढं कळत नाही त्याला? धंदा करतो तो."

"त्याले कसं कळन? माह्या बापाले कळलं, काहून का तो बी तसाच होता." मग मागं तोंड करून वहिनीला सांगितलं, "रुसले तिथी जाऊन." वहिनी हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. मी फोन ठेवला.

नाताळच्या दुपारी त्याच्या आईकडं गेलो. म्हातारी ठेंगणी, टुकटुकीत, पांढरे केस कापलेले. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला तिची भाषा, त्यामुळं आमचं लगेच जमलं. जेवायला तिघंच. बदक भाजलेलं, लाल कोबी शिजवलेली, बटाट्याचे मोठमोठे गोळे आणि वर दाट रस्सा. वास असा की माझं पोट आतून बोलायला लागलं. तिनं पहिल्यांदा थोडंथोडंच वाढलं. ते मी खाल्लं. मग ती भांडं घेऊन आली आणि मी, घरी शिकवल्याप्रमाणं, ताटावर हात आडवा धरला. "नको, नको. पुष्कळ झालं."

ती हसली, मान डोलावली आणि भांडं घेऊन आत गेली.

मी हात तसाच धरून बसलो. आमच्याकडं पहिला नको हा नको नसतोच. दुसराही नसतो. आडव्या हाताच्या बोटांमधून भात पडतो, तेव्हा कुठं पाहुणचार सुरू होतो. इथं भांडं गेलं ते गेलं. बदकाचा मोठा तुकडा माझ्या डोळ्यांदेखत स्वयंपाकघरात परत गेला. म्हातारीनं आतून मुलाला काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी उत्तर दिलं. मी विचारलं, "काय म्हणते?"

"विचारते, त्याला आवडलं नाही का. मी म्हटलं, आवडलं असेल, पण तो नाही म्हणाला."

तो नाही म्हणाला. एवढ्या साध्या तोंडानं त्यानं ते सांगितलं की माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. परवा सौद्याच्या वेळीही मी नाही म्हणालो होतो. या घरात तो शब्द दाराला कुलूप लावल्यासारखा होता, आणि मी तो सौदा सुरू करायला वापरत होतो. मला स्वतःची लाज वाटली असं म्हणणार नाही. राग आला. चांगला कर्ता माणूस, घरात बायको, हाताखाली काम करणारे, आणि मी लहान पोरासारखं मागून खायचं?

पण बदक समोरून गेलं होतं आणि भूक माझी होती. मी म्हटलं, "आईला सांग, मला अजून हवंय. पुष्कळ हवंय."

त्यानं सांगितलं. म्हातारी भांडं घेऊन अशी धावत आली की जणू तीच वाट बघत होती. तिनं ताट भरलं, वर आणखी एक गोळा ठेवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. जेवण होईपर्यंत सौद्याचं बोलायला मी दोनदा तोंड उघडलं. दोन्हीदा त्यानं बोट ओठांवर ठेवलं. सण.

त्यांच्याकडं नाताळचा दुसरा दिवसही नाताळच असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो दिवस मी कसा काढला, विचारू नका. गावाबाहेर जंगल होतं, तिथं गेलो. सरळ रेषेत लावलेली झाडं, खाली काटकीसुद्धा पडलेली नाही. उजेड कमी झाला तसे माझे पाय आपोआप भरभर पडायला लागले आणि मान वळून वळून मागं बघायला लागली. आमच्या मुलखात त्या वेळेला एकट्यानं जंगलाकडं कुणी जात नाही. तिकडं वाघ आहे, हे माणूस विसरत नाही. इथं एक म्हातारा कुत्रं घेऊन शांत चालला होता. त्याला काही भीती नव्हती आणि मला भ्यायला काही कारण नव्हतं, तरी मी खोलीवर पोचेपर्यंत जवळजवळ पळतच होतो. सरळ बोलायचं असं मी मनाशी ठरवलं होतं, आणि त्याचीच धडकी भरली होती. पहिल्याच वाक्यात आपला शेवटचा पत्ता उघडायचा. जन्मात कधी केलं नव्हतं.

सण संपल्याच्या दुसऱ्या सकाळी तो यायच्या आधी मी खाली जाऊन बसलो. तो आला, कॉफी ठेवली, आणि टेबलावर कुठलंतरी वेगळंच वाद्य उघडलं. माझं पिवळं पॅनेल वरच्या फळीवर गेलं होतं.

मी म्हटलं, "मला तुझ्याशी बोलायचंय. तो सौदा करायचा आहे मला."

त्यानं हातातलं ठेवलं. "पण मी त्याच संध्याकाळी लोकांना कळवलं. जे वाट बघत होते त्यांना. म्हटलं, हे वाद्य होणार नाही."

"सण संपेपर्यंत थांबता आलं नाही तुला?"

"कशासाठी थांबायचं? तू नाही म्हणालास. मी विचारलं, नक्की? तू म्हणालास, नक्की."

मग मात्र माझा ताबा सुटला. मी टेबलावर हात आपटला, स्क्रू उडाले. मराठीत, हिंदीत, जे तोंडाला येईल ते बोललो. माणूस उठला की त्याला थांबवायचं असतं, पाणी विचारायचं असतं, एवढी माणुसकी तुमच्यात नाही का, असं सगळं. तो ऐकत राहिला. मी थांबल्यावर त्यानं विचारलं, "तू आत्ता माझ्यावर रागावला आहेस का?"

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि खाली पडलेले स्क्रू गोळा करायला लागला. ते वाटीत टाकून झाल्यावर म्हणाला, "तुला काय हवं होतं?"

इतके दिवस ज्या प्रश्नाची वाट बघितली तो आला. मी सांगून टाकलं. प्रत्येक डबा मूलमध्ये बनला पाहिजे, डाग, जोडणी, तपासणी, सगळं. माझ्याकडं दोन बाया आहेत, त्यांना पावसाळ्यात काम नसतं. वर्षभर टेबल चाललं पाहिजे. नाहीतर मला वाटा नको आणि काही नको.

त्यानं स्क्रूची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "हे छान आहे. मला वाटलं, तुला एवढी दगदग नको असेल, म्हणून जोडणी मी माझ्याकडं घेत होतो. आधी सांगितलं असतंस तर मी हो म्हटलं असतं."

मी दोन्ही हात खिशात घातले. बोललो असतो तर दुसरा हात आपटला असता.

"पण मग," तो पुढं म्हणाला, "नकाशा तुझा, काम तुझं, तपासणी तुझी. मी काय केलं त्यात? माझं नाव त्यावर शोभणार नाही. ते तुझं वाद्य. माझ्या दुकानात मी ते तुझ्या नावानं ठेवीन, आणि लोकांना तसं कळवीन. मी आधी कळवलेलंही खोटं ठरणार नाही, कारण न होणारं वाद्य माझ्या नावाचं होतं." आणि त्यानं हात पुढं केला.

इथं कुणाच्याही लक्षात येईल, की मी फसलो. त्याच्या नावावर तर डबे विकले जाणार होते. रांग त्याच्या नावाची होती. माझं नाव तिकडं कुत्रं ओळखत नव्हतं. काम मूलमध्ये आलं, पण ते विकायची सगळी जोखीमही मूलमध्येच आली. नाव राहू दे म्हणून मी ताणणार होतो; पण सरळ मागून मिळालेल्या गोष्टीवर पुन्हा घासाघीस कशी सुरू करायची, तेच मला येत नव्हतं. आणि नाही म्हणायची तर आता सोयच नव्हती. मी हात मिळवला. हा माणूस मला भेटलेल्यांत सगळ्यांत साधा होता की सगळ्यांत पक्का, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

डबे सुरुवातीला फार सावकाश गेले. नंतर बरे जायला लागले. उन्हाळ्यात टिनाच्या छपराखाली टेबलाला हात लावता येत नव्हता, तरी दोघींनी काम केलं. पावसाळा लागला आणि पहिल्यांदाच टेबलावर मेणकापड पडलं नाही. मागच्या धानाच्या बांध्यांत पाणी साचलं, रोवायच्या रोपांचे पऱ्हे हिरवेगार झाले, आणि गल्लीतल्या बाया गुडघ्यापर्यंत लुगडी खोचून दारावरून जायला लागल्या. मी खुर्ची टाकून दोघींना काम करताना बघत बसायचो. समुद्रापलीकडं जाऊन मी हे भांडून आणलं होतं.

एका सकाळी गल्लीतली बाई आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली ती दारातच उभी. "भाऊ, मले आठ दिवस सुट्टी पायजे. रोवणी हाय."

"रोवणी?" मी म्हटलं. "अवो बाई, चिखलात वाकायचं वाचावं म्हणून तर हे सगळं केलं. काम आहे ना इथं. पार्सल जायचंय."

"हाय ना काम. आल्यावर करीन." ती वहिनीकडं बघून हसली. "सगळ्या बाया तिथी. हसनं-बोलनं, गानी, एकमेकीची टिंगल. इथी बसून मानूस मुकं होऊन राह्यलं. आन् आमचा बी एक बांधा हाय आता, बहिनीसंग ठेक्यानं केला."

"मग हे आधी सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं कधी?"

वहिनी मान खाली घालून डाग देत होती. तिचे खांदे हसत होते की काय, मला दिसलं नाही. थोड्या वेळानं तीही म्हणाली, "मी बी जातो दोन दिवस. आल्यावर उरकून टाकू."

मी ओरडलो. पार्सल, तारीख, परदेशी गिऱ्हाईक, सगळं काढलं. दोघींनी ऐकून घेतलं, सोल्डरिंगच्या इस्त्रीचं बटण बंद केलं आणि गेल्या. दुपारी जर्मनीवाल्याला फोन करून कळवावं लागलं. काय सांगावं म्हणून मी बराच वेळ बहाणे जुळवत बसलो: लाईट नाही, माल अडकला, ताप आला. शेवटी सांगितलं, रोवणी आहे, बाया शेतात गेल्या, डबे उशिरा येतील.

"बरं," तो म्हणाला. "किती उशिरा?"

"पाऊस ठरवील."

"बरं."

तो रागावला, की त्याला खरंच बरं वाटलं, की त्यानं माझा माल बंद करायचं मनात ठरवलं, त्याच्या त्या एका शब्दावरून मला काही कळलं नाही. विचारावं म्हटलं तर फोन ठेवला होता. मी मागच्या दारात जाऊन उभा राहिलो. पलीकडच्या बांध्यात बाया ओळीनं वाकल्या होत्या, कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळी ओळ हसली. टेबलावर अर्धवट डबा उघडा पडला होता. मी बसलो, इस्त्री पुन्हा तापत घातली, आणि पहिलाच डाग वाकडा पडला.